सशाच्या पैशातून राखलेली मेंढरं

पीटर रॅबिट हा निळा कोट घातलेला ससा आता आपल्याकडच्या घरांतही पोचला आहे. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पुस्तकांत, नाहीतर मोबाईलवरच्या कार्टूनमध्ये तो भेटतोच. या सशाला जन्म देणाऱ्या लेखिकेचं नाव बिआट्रिक्स पॉटर. पुस्तकवाल्यांना बाईंची एवढीच ओळख. पण इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगरी मुलूख आहे, तिथल्या मेंढपाळांच्या लेखी त्या मिसेस हीलिस होत्या आणि त्यांचा धंदा मेंढरांचा होता. सशाच्या पुस्तकांतून आलेला पैसा बाईंनी डोंगर, कुरणं आणि हर्डविक नावाच्या जाड्याभरड्या लोकरीच्या मेंढीत घातला. आज ती मेंढी त्या डोंगरावर दिसते, त्याच्या मागे बाईंचा मोठा वाटा आहे.

सीमाभागात आणि पलीकडे सांगली-सोलापूरकडे दख्खनी मेंढीचं पुढं काय, हा प्रश्न मेंढपाळांच्या बोलण्यात नेहमी येतो. लोकरीला भाव नाही, चरायला रान नाही, पोरं वाड्यावर राहायला तयार नाहीत. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वी परमुलखातल्या एका बाईनं हाच हिशोब कसा मांडला होता, ते वाचण्यासारखं आहे.

लंडनचं घर, वरच्या मजल्यावरची खोली

बिआट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. आई-वडील दोघांच्याही घराण्यांचा पैसा लँकेशायरच्या कापूस धंद्यातला. वडील रूपर्ट पॉटर शिकून बॅरिस्टर झाले होते, पण वकिलीवर पोट भरायची गरज नव्हती. त्यांचा जीव फोटोग्राफीत. मुलीला शाळेत घातलंच नाही. घरीच बाई ठेवून शिक्षण झालं. बरोबरीची मुलं आसपास नाहीत, धाकटा भाऊ बर्ट्रम बोर्डिंगात गेलेला. मग सोबतीला ससे, उंदीर, साळू, बेडूक, वटवाघूळ. मुलगी त्यांची चित्रं काढायची. नुसती गोजिरवाणी चित्रं नव्हेत, हाडं कुठे वळतात, कान कुठून फुटतात, हे बघून काढलेली.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिनं स्वतःच एक गुप्त लिपी तयार केली आणि त्यात रोजनिशी लिहायला घेतली. ती तीस वर्षांची होईपर्यंत हे चाललं. ती लिपी उलगडायला पुढं १९५८ साल उजाडावं लागलं. कुणी वाचू नये म्हणून इतकी खबरदारी घेणारी मुलगी घरात किती एकटी असेल, याचा अंदाज येतो.

उन्हाळ्यात सगळं कुटुंब दोन-तीन महिने गावाकडं भाड्यानं मोठं घर घेऊन राहायचं. आधी स्कॉटलंडमध्ये, आणि १८८२ साली पहिल्यांदा लेक डिस्ट्रिक्टमध्ये, विंडरमीर तलावाच्या काठच्या रे कासलमध्ये. तिथल्या चर्चचे पाद्री होते हार्डविक रॉन्सली. त्यांचं नाव आणि मेंढीच्या जातीचं नाव सारखं वाटतं, तो निव्वळ योगायोग, स्पेलिंगही वेगळं. हेच रॉन्सली पुढं १८९५ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी एक झाले. रेल्वे, कारखाने आणि बंगलेवाल्यांपासून देशातली सुंदर जागा विकत घेऊन कायमची राखायची, हे या ट्रस्टचं काम. हर्डविक मेंढीसाठी पहिली संघटना उभी करण्यातही रॉन्सली पुढं होते. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात डोंगर राखायची गोष्ट बहुधा तिथंच पेरली गेली.

त्याआधी तिनं आणखी एक रस्ता चालून पाहिला. अळंब्यांचा. तिनं अळंब्यांची शेकडो चित्रं काढली, त्यांचे बीजाणू कसे रुजतात याचा अभ्यास केला आणि निबंध लिहिला. १८९७ साली तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढं मांडला गेला, पण तिच्या हातून नाही. बायकांना त्या सभेत बसायची परवानगी नव्हती. क्यू बागेतल्या एका पुरुष तज्ज्ञानं तो मांडला. पुढं तो निबंध मागं घेण्यात आला, आणि शास्त्राचा दरवाजा बंद झाला.

एका आजारी पोराला पाठवलेलं पत्र

सप्टेंबर १८९३ मध्ये तिच्या जुन्या शिक्षिकेचा मुलगा नोएल आजारी पडला. त्याला काय लिहावं हे सुचेना, म्हणून तिनं चार सशांची गोष्ट चित्रांसकट पत्रात लिहून पाठवली. काही वर्षांनी तेच पत्र परत मागून घेतलं, वाढवलं आणि प्रकाशकांकडं पाठवलं. सगळ्यांनी नाकारलं. मग १९०१ च्या डिसेंबरात तिनं स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापल्या. पुढच्या वर्षी फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं रंगीत आवृत्ती काढली आणि वर्षअखेरपर्यंत २८ हजार प्रती गेल्या.

आमच्यासारख्या कॉमर्सवाल्याला यात एक गोष्ट लगेच दिसते. बाईंना धंदा कळत होता. पुस्तक छोटं हवं, लहान मुलाच्या हातात मावणारं, आणि स्वस्त हवं, हा आग्रह पहिल्यापासून त्यांचाच. १९०३ साली त्यांनी पीटर रॅबिटची बाहुली स्वतः शिवली आणि तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेत मात्र प्रकाशकानं हक्क नोंदवले नाहीत, तिथं नकली प्रती निघाल्या आणि त्या पुस्तकाची रॉयल्टी बुडाली. हा धडा त्या विसरल्या नाहीत. कागदपत्रं स्वतः वाचायची, हिशोब स्वतः तपासायचा, ही सवय शेवटपर्यंत राहिली.

१९०५ च्या जुलैत प्रकाशक कुटुंबातल्या नॉर्मन वॉर्न यांनी लग्नाची मागणी घातली. बाईंनी होकार दिला. आई-वडिलांचा विरोध, मुलगा धंदेवाल्याच्या घरचा, आपल्या बरोबरीचा नाही, हे कारण. ज्यांचा स्वतःचा पैसा कापसाच्या धंद्यातून आला होता, त्यांनी हे म्हणावं! बाई हटल्या नाहीत. पण महिनाभरातच, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या आजारानं वारले. त्या वेळी बाई ३९ वर्षांच्या होत्या.

हिल टॉप: पहिली जमीन

त्याच वर्षी पुस्तकांची कमाई आणि नात्यातून मिळालेली थोडी रक्कम घालून बाईंनी नीअर सॉरी गावातलं हिल टॉप हे ३४ एकरांचं शेत घेतलं. बाई लंडनच्या, लग्न न झालेल्या, शेतीचा अनुभव शून्य. गावकऱ्यांनी काय कुजबुज केली असेल ते सांगायला नको. जुना शेतकरी जॉन कॅनन त्याच शेतावर राहत होता. बाईंनी त्याला काढलं नाही. उलट घर वाढवून त्याच्या कुटुंबाची सोय केली आणि त्याच्याकडूनच शिकायला घेतलं: डुकरं, गाई, कोंबड्या आणि मग हर्डविक मेंढरं.

पुढची काही वर्षं त्या लंडनला आई-वडिलांकडं आणि सॉरीला शेताकडं अशा फेऱ्या मारत राहिल्या. एकीकडं शेतातलीच बदकं, मांजरं, उंदीर पुस्तकांत उतरत होते, दुसरीकडं त्या पुस्तकांच्या पैशातून शेताच्या भिंती दुरुस्त होत होत्या. १९०९ साली जवळचंच कासल फार्म घेतलं. जमिनीच्या व्यवहारात हॉक्सहेड गावचे वकील विल्यम हीलिस मदत करत होते. कागदपत्रांच्या गाठीभेटींतून सूत जमलं. पुन्हा घरचा विरोध, गावाकडचा वकील म्हणून. पण १५ ऑक्टोबर १९१३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बाईंनी लग्न केलंच. तिथून पुढं त्या मिसेस हीलिस. पुस्तकं हळूहळू मागं पडली, डोळेही अधू झाले होते. पायात लाकडी तळाचे बूट, अंगात हर्डविकच्याच लोकरीचा जाड कोट, हातात काठी. ज्यांना त्या बाजारात मेंढा पारखताना दिसायच्या, त्यांच्यापैकी अनेकांना पुस्तकांशी काही देणंघेणं नव्हतं.

हर्डविक म्हणजे काय चीज

इथं जरा मेंढीकडं वळू. लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर उंचीनं आपल्याला मोठे वाटणार नाहीत. तिथलं सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटरचं. पण हवा कठीण. सीथवेटसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, वरून थंडी, बर्फ आणि बोचरा वारा. त्या माथ्यावर बारमाही राहू शकणारी मेंढी म्हणजे हर्डविक. कोकरू जन्मतं काळं, वाढताना तपकिरी होतं आणि वयाबरोबर करडं-पांढरं होत जातं. तोंड आणि पाय पांढरे. दर विताला बहुधा एकच कोकरू. लोकर राठ, अंगाला टोचणारी, गालिच्याच्या नाहीतर जाड कापडाच्या कामाची.

तिचा खरा गुण मात्र डोक्यात आहे. ज्या डोंगरउतारावर ती जन्मली, तो उतार ती सोडत नाही. कुंपण नाही, राखणीला रोज माणूस नाही, तरी कळप आपल्याच टापूत चरतो. कारण कोकरू आईच्या मागं फिरताना पाणी कुठं, आडोसा कुठं, आपली हद्द कुठवर, हे शिकतं आणि मोठं झाल्यावर आपल्या कोकराला शिकवतं. इंग्रजीत याला हेफ्टिंग म्हणतात. हे ज्ञान कागदावर नाही, मेंढीच्या पिढ्यांत आहे. एकदा कळप विकला आणि दुसरीकडून नवा आणला, तर ती हद्द गेली. नव्या मेंढरांना डोंगर माहीत नसतो, ती पांगतात. मग वर्षानुवर्षं माणसानं मागं फिरून सवय लावावी लागते, नाहीतर डोंगराला कुंपण घालावं लागतं.

म्हणून तिथं जुनी रीत होती: कळप शेतकऱ्याचा नाही, शेताचा. कूळ शेतावर आलं की मालकाची मेंढरं मोजून, वय आणि दर्जा पाहून ताब्यात घेणार. कोकरं, लोकर, विक्री हे त्याचं उत्पन्न. शेत सोडताना तितकीच आणि तशीच मेंढरं परत करून जाणार. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर कळप हे मुद्दल, कोकरं हे व्याज. व्याज खा, पण मुद्दलाला हात लावायचा नाही. ही रीत हीलिसबाईंना फार नेमकी कळली होती. त्यांचं पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

डोंगरमाथा बऱ्याच ठिकाणी सामायिक, आपल्या गायरानासारखा. अनेकांचे कळप शेजारी शेजारी चरतात. कुणाचं मेंढरू कुणाचं, हे कळायला कानाला खाच आणि अंगावर रंगाची खूण. या खुणांची छापील पुस्तकं तिथं १८१७ पासून निघत आहेत. चुकलेली मेंढरं परत करायला मेंढपाळांचे ठरलेले मेळावे भरतात. आपल्याकडच्या वाड्यावरच्या माणसाला यातलं काही नवल वाटणार नाही. आणखी एक साम्य: पहिल्या हिवाळ्यात कोवळ्या मेंढ्यांना डोंगरावरून खाली सखल भागातल्या कुरणांवर पाठवतात आणि वसंतात परत आणतात. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे आपले धनगर बांधव काय वेगळं करतात!

ट्राउटबेक पार्क: आजारी कळप

१९२० च्या दशकात डोंगरातली शेतं एकामागून एक विकायला निघत होती. पहिल्या महायुद्धानंतर भाव कोसळलेले. मोटारी आल्या, सहलीला येणारा शहरी माणूस वाढला, सुट्टीच्या बंगल्यांसाठी जागांना गिऱ्हाईक होतं. मेंढरांपेक्षा प्लॉट जास्त पैसे देणार, हे तेव्हाही तसंच होतं.

ट्राउटबेक पार्क हे जवळपास १९०० एकरांचं, दरीच्या वरच्या टोकाला असलेलं शेत १९२३ मध्ये विक्रीला आलं, तेव्हा ते बाईंनी घेतलं. सौदा वरून आकर्षक, आत पोकळ. मेंढरं यकृतातल्या चपट्या कृमीनं, लिव्हर फ्लूकनं, पोखरलेली. पाणथळ जागेतल्या गोगलगायीतून हा रोग पसरतो. पाणी साचणाऱ्या रानात मेंढरं घालणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा आहे. बाईंनी नवी औषधं आणवली, निचऱ्याची कामं काढली, आणि चांगल्या माणसाचा शोध घेतला. १९२६ च्या सुमारास टॉम स्टोरी हा तरणा मेंढपाळ त्यांनी जास्त पगार कबूल करून आणला. आधी ट्राउटबेकला मेंढ्यांची वेत सांभाळायला, मग हिल टॉपवर कायमचा. टॉम तोंडाचा सडेतोड. मालकीणही कमी नव्हती. खटके उडायचे, पण तो त्यांच्या मरणापर्यंत आणि नंतरही तिथंच राहिला. त्याच्या हाताखाली हिल टॉपच्या हर्डविक मेंढ्यांनी तालुक्या-तालुक्यांची प्रदर्शनं गाजवली. पुढं बाईंना स्वतःलाच परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली. ज्या रिंगणात सगळे पुरुष, तिथं एक म्हातारी बाई मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवून नंबर लावते आहे, हे चित्र त्या काळात साधं नव्हतं.

हे सगळं करताना व्यवहार तोट्याकडं झुकलेला होता, हे लपवायचं कारण नाही. राठ लोकरीला मागणी घटत चालली होती. आजूबाजूचे शेतकरी स्वेलडेलसारख्या जास्त पैसे देणाऱ्या जातींकडं वळत होते. त्यांना दोष कसा देणार? घर त्यांना चालवायचं होतं. हर्डविकवर टिकून राहणं बाईंना परवडलं, कारण मागं सशाची रॉयल्टी होती. जात टिकवायला कुणाच्या तरी खिशातून पैसा जावा लागतो. इथं तो लहान मुलांच्या पुस्तकांतून गेला.

चार हजार एकरांचा सौदा

१९३० साली मोठी वेळ आली. कोनिस्टनजवळची मंक कोनिस्टन ही ४००० एकरांवरची जहागीर विक्रीला निघाली. त्यात तळी, जंगल आणि बरीच डोंगरी शेतं. तुकडे करून विकली असती तर एकेका शेताचं घर एकाकडं, कुरण दुसऱ्याकडं आणि डोंगरावरचा चराईचा हक्क तिसऱ्याकडं गेला असता. नॅशनल ट्रस्टकडं तेवढा पैसा तयार नव्हता. बाईंनी सगळी जहागीर स्वतः विकत घेतली आणि अर्धी जमीन ट्रस्टला आपल्या खरेदीच्याच भावानं देऊ केली. ट्रस्टनं वर्गणी गोळा करून ती घेतली, आणि पुढची काही वर्षं बाईंनी दोन्ही भागांची देखभाल स्वतः केली.

त्या देखभालीचे तपशील रुक्ष आहेत, पण तेच महत्त्वाचे. कुठल्या कुळाचं छप्पर गळतं, कोणती दगडी भिंत पडली, फाटकाचं बिल जास्त का लागलं, कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं नाही. साठी ओलांडलेली बाई या सगळ्याची पत्रं लिहीत बसायची. पुढं ट्रस्टनं आपला पगारी एजंट नेमला, तेव्हा त्याला झाडातलं आणि शेतातलं कळत नाही, अशी बाईंची तक्रार कायम राहिली. निसर्ग वाचवणाऱ्या मंडळींना देखावा दिसतो, देखाव्यामागची मेहनत दिसत नाही, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

त्याआधी, १९२७ मध्ये, विंडरमीरच्या काठची कॉकशॉट पॉइंट ही जागा बांधकामाच्या तावडीत जाईल अशी भीती होती. तेव्हा बाईंनी पीटर रॅबिटची पन्नास चित्रं हातानं काढून, सही करून अमेरिकेतल्या वाचकांना प्रत्येकी एक गिनीला विकली आणि पैसे जागेसाठी दिले. अमेरिकेत रॉयल्टी बुडाली होती; ती वसुली अशी झाली म्हणायची. १९२९ मध्ये त्यांचं फेअरी कॅरॅव्हान हे पुस्तक आधी अमेरिकेतच निघालं, आणि त्यात हर्डविक मेंढ्या पात्रं म्हणून आल्या.

मृत्युपत्रातली अट

१९४३ मध्ये हर्डविक मेंढी पैदासकारांच्या संघटनेनं पुढच्या वर्षाच्या अध्यक्षपदासाठी बाईंची निवड केली. इतकी वर्षं तिथं बाई अध्यक्ष झालेली नव्हती. ते पद स्वीकारायच्या आधीच, २२ डिसेंबर १९४३ रोजी, सॉरीच्या घरी त्यांचं निधन झालं. वय ७७. दहनानंतरची राख टॉम स्टोरीनं हिल टॉपच्या वरच्या माळावर उधळली. नेमकी जागा कुणाला सांगायची नाही, असं बाईंनी बजावून ठेवलं होतं.

४००० एकरांहून जास्त जमीन आणि पंधराच्या आसपास शेतं ट्रस्टला गेली. इथपर्यंत कुणीही दानशूर करतो. पण मृत्युपत्रात अट होती: डोंगरी शेतांवरचे मालकीचे कळप शुद्ध हर्डविक जातीचेच ठेवायचे. म्हणजे नुसती जमीन दिली नाही. जमीन, तिच्यावरचा कळप आणि तो राखणारं कूळ, या तिन्हींची एकच गाठ बांधून दिली. एक सुटलं तर बाकी दोन टिकत नाहीत, हे त्यांना चाळीस वर्षांच्या चिखलात समजलं होतं.

त्यानंतर काय झालं

कथा इथं संपवली तर सोयीची होईल. पण पुढचा हिशोबही बघायला हवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं डोंगरी शेतकऱ्यांना मेंढरांच्या डोक्याप्रमाणे अनुदान द्यायला सुरुवात केली. जितकी डोकी तितके पैसे. साहजिकच कळप फुगले. डोंगरावरची हीथर नावाची झुडपं चरून चरून मागं हटली, काही ठिकाणी माती उघडी पडली. म्हणूनच आज इंग्लंडमधले काही निसर्गवादी मेंढीलाच गुन्हेगार ठरवतात. डोंगर मेंढ्यांनी खाऊन टाकले, त्यांना हटवा आणि जंगल परत येऊ द्या, असा त्यांचा सूर. त्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. संख्या हाताबाहेर गेली होती, हे शेतकऱ्यांपैकीही अनेकांना मान्य आहे.

मग उलटं झालं. मेंढ्या कमी करा आणि पैसे घ्या, असे करार आले. काहींनी डोंगरावरून कळप पूर्ण काढले. त्यातून एक अडचण निघाली. शेजारचा कळप गेला की त्याचा टापू मोकळा पडतो, आणि उरलेल्या कळपातली मेंढरं चांगल्या चाऱ्याच्या ओढीनं तिकडं सरकतात. हद्द मोडते. शेजारी कळप असणं हेच कुंपण होतं! म्हणून आता चराईतून निसर्ग राखायचा म्हणणारे जाणकार मेंढी हवी की नको असं विचारत नाहीत. किती, कुठल्या महिन्यात, कुठल्या जातीची आणि सोबत गुरं किती, असं विचारतात. कमी संख्येत, हंगाम बघून चारलं तर गवत दाटून बाकीच्या रोपांना मारत नाही आणि रानफुलांना जागा मिळते. बेसुमार चारलं तर तीच मेंढी रान उजाड करते.

२००१ साली लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली. इंग्लंडमध्ये लाखो जनावरं मारून जाळावी लागली. हर्डविकला धोका जास्त होता, कारण या जातीची बहुसंख्य मेंढरं कोनिस्टनच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत एकवटलेली. पुष्कळ कळप गेले. घाईघाईनं वीर्य आणि भ्रूण गोठवून ठेवायची सोय करावी लागली. पण गोठवलेल्या भ्रूणाला डोंगराची हद्द माहीत नसते, हे मेंढपाळ जाणून होते. जात नळीत वाचेल. सवय फक्त चालत्या कळपात वाचते.

२०१३ मध्ये लेकलँड हर्डविक या मटणाला भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं आणि चार पैसे जास्त मिळायची वाट उघडली. २०१७ मध्ये लेक डिस्ट्रिक्टला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात मेंढपाळीची परंपरा हे एक मोठं कारण. पण त्याच्या एकच वर्ष आधी, २०१६ मध्ये, बाईंच्या त्याच नॅशनल ट्रस्टनं बोरोडेल दरीतल्या थॉर्नीथ्वेट शेताची ३०० एकरांवर जमीन लिलावात घेतली आणि घर मात्र घेतलं नाही. शेतकरी खवळले. घराशिवाय जमीन म्हणजे मेंढपाळाशिवाय कळप, बाई असत्या तर हे चाललं असतं का, असा सवाल जाहीरपणे झाला. ट्रस्टचं म्हणणं, जमिनीची काळजी हेच आपलं काम, आणि उपलब्ध पैशात ते केलं. सत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या बाईंचं नाव असं भांडणात निघतं, यातच त्यांची मातबरी आली.

आपल्या माळावरून बघताना

हर्डविक आणि दख्खनी या दोन मेंढ्यांचं रक्ताचं नातं काही नाही. एकीला बर्फ माहीत, दुसरीला ऊन आणि दुष्काळ. पण दोघींची कुंडली जुळते. दोघींची लोकर राठ, दोघी काटक, दोघी चालणाऱ्या. दख्खनीच्या काळ्या लोकरीवर आपलं घोंगडं उभं राहिलं. आता लोकर कातरण्याची मजुरीही निघत नाही, अशी तक्रार मेंढपाळ करतात, आणि मटणाला भाव म्हणून माडग्याळसारख्या उंच मेंढ्यांचा मेंढा कळपात घातला जातो. लेक डिस्ट्रिक्टच्या शेतकऱ्यांनी स्वेलडेल घातला, तसंच हे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

फरक आहे तो मुद्दलाचा. तिथं कळप शेताच्या नावावर, शेत ट्रस्टच्या नावावर आणि डोंगरावरचा चराईचा हक्क कागदावर. आपल्याकडं कळप मेंढपाळाचा स्वतःचा, पण ज्या रानात तो चरतो ते कधी गायरान, कधी वनखात्याचं, कधी कुणा शेतकऱ्याचं पीक निघालेलं वावर. शेतात मेंढरं बसवायची, लेंड्या-मुताचं खत द्यायचं आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, हा व्यवहार राज्याची हद्द न बघता चालत आला. आजचा तळ कर्नाटकात, उद्याचा महाराष्ट्रात. मेंढराला सातबारा कळत नाही आणि उताराही कळत नाही. पण गायरानावर प्लॉट पडले, माळावर पवनचक्क्या आणि सोलर आले, ओलिताखाली ऊस गेला, की ती वाटच बंद होते. मग जातीचं शुद्धीकरण, कृत्रिम रेतन, शेळी-मेंढी महामंडळाची योजना, सगळं खरं, पण ते चालायचं कुठं?

हीलिसबाईंसारखा पैसा आपल्या वाड्यावरच्या कुणाकडं नाही, आणि कुणी श्रीमंत लेखिका येऊन माळ विकत घेईल अशी वाट बघण्यातही अर्थ नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट पैशाची नाही, क्रमाची आहे. बाईंनी आधी चरायची जागा बांधून घेतली, मग कळप सुधारला, मग चांगला मेंढपाळ आणला आणि शेवटी हे तिन्ही एकत्रच राहतील अशी अट कागदावर लिहिली. आपल्याकडच्या बहुतेक योजना जनावराच्या वाटपापासून सुरू होतात आणि जागेचा प्रश्न शेवटच्या पानावर येतो, तोही कधीतरी. ग्रामपंचायतीच्या दप्तरात गावच्या गायरानाचं क्षेत्र किती लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात मोकळं किती उरलं आहे, एवढं प्रत्येक गावानं एकदा मोजलं, तरी दख्खनी मेंढीचा खरा ताळेबंद समोर येईल.